नॅनो लावला की पोर्ट गायब: सिडकोतल्या अभ्यासिकेत लिनक्सवर रोबोटचं सॉफ्टवेअर बसवताना काय काय झालं

हे प्रकरण नाशिकच्या सिडको भागातल्या एका अभ्यासिकेतलं आहे. नावं, नेमका चौक, बोर्ड कुठल्या दुकानातून घेतले हे सगळं मुद्दाम काढून टाकलंय, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना विचारूनच लिहिलंय. मी तिथे रविवारी मदतीला जातो, त्यामुळे बरंचसं समोर घडलेलं आहे आणि बाकीचं त्या लोकांकडून ऐकलेलं. सविस्तर लिहायचं कारण एवढंच की लिनक्सवर (विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत सिस्टिम) आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम टाकून रोबोट चालवायचा छोटा बोर्ड, चालत नाही म्हणून हात टेकणारे गट मला खूप भेटतात, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी अडचण सुटण्यासारखी असते, फक्त ती एकटी नसते, एकाखाली एक अशा तीन-चार दडलेल्या असतात.

पार्श्वभूमी

अभ्यासिका तशी स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी आहे, पण रविवारी सकाळी तिथे पाथर्डी फाटा, पवननगर, उत्तमनगर भागातली सातवी ते नववीची मुलं रोबोटिक्स शिकायला येतात. फी नाही. शिकवणारे दोघं, एक आयटीआयमधून निवृत्त झालेले इन्स्ट्रक्टर, त्यांना सगळे सर म्हणतात, आणि दुसरा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, तो सगळ्यांचा दादा. अभ्यासिकेचं रोजचं काम बघणारे काका आहेत, चावी त्यांच्याकडे, आणि कुठला पीसी कोण वापरतं हे फक्त त्यांनाच नीट माहीत असतं. ही शेवटची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

पीसी आठ. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याने ऑफिसचे जुने पीसी दिलेले, चौथ्या जनरेशनचे आय३, ४ जीबी रॅम, जुन्या फिरत्या हार्ड डिस्क. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा इंटेल प्रोसेसर लागतो, म्हणजे या मशीनला सरळ मार्ग नव्हताच. दिवाळीनंतर दादाने आठही पीसींवर लिनक्स मिंट २१.३ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. मिंट २१ हे उबंटू २२.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे, आणि २२.०४च घेण्यामागे त्याचा विचार असा की पुढे मोठ्या मुलांना आरओएस २, म्हणजे रोबोटसाठीचं मोठं सॉफ्टवेअर, शिकवायचं झालं तर त्याची हंबल आवृत्ती २२.०४साठीच आहे.

रोबोट म्हणजे काळ्या पट्टीवरून चालणारा लाइन फॉलोअर. पिवळ्या बीओ मोटर दोन, मोटर चालवणारा एल२९८एन ड्रायव्हर, पट्टी ओळखणारे दोन आयआर सेन्सर आणि आर्डुइनो नॅनो हा छोटा बोर्ड. ट्रॅक तर मुलांनीच शोधला, जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू जमिनीवर पसरायची आणि त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवायची. सिडकोत वाढदिवसाच्या फ्लेक्सची कमतरता नाही त्यामुळे ट्रॅक हवा तेवढा मोठा करता येतो. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, पालकांसमोर सगळे रोबोट चालवून दाखवायचे असं ठरलेलं.

अडचण नेमकी काय होती

सरांकडे स्वतःचे दोन जुने ओरिजिनल उनो, म्हणजे आर्डुइनोचेच मोठे बोर्ड होते. मिंट टाकल्यावर सरांनी आपल्या लॉगिनवरून उनो लावला, एलईडी ब्लिंक करून बघितला, चालला. म्हणून सगळे निर्धास्त. मग मुलांसाठी एमजी रोडवरून दहा स्वस्तातले नॅनो आणले, मुलांना मुलांच्या लॉगिनवर बसवलं, आणि एकाही पीसीवर प्रोग्रॅम बोर्डात जाईना. बोर्डावरचा लाल दिवा लागतोय, कोड कंपाइल होतोय, अपलोड म्हटलं की एरर.

आता इथे गोंधळ असा झाला की प्रत्येक पीसीवर एरर वेगळी. कुठे परवानगी नाही म्हणतंय, कुठे पोर्टच सापडत नाही, कुठे नॉट इन सिंक. आणि मुलं ती मुलं, एकजण केबल बदलतोय, एकजण बोर्ड, एकजण मेनूतून दुसरंच पोर्ट निवडतोय, तोवर तिसरा पीसी रीस्टार्ट करून आलेला. अर्ध्या तासाने कोणी काय बदललंय हे कोणालाच सांगता येईना. मुलांचा चेहरा उतरतो ना, ते बघवत नाही. एक सातवीतला मुलगा सरांना म्हणाला, "सर, आमच्या घरी पप्पांचा विंडोजचा लॅपटॉप आहे, तो आणू का?" विचारलं त्याने भाबडेपणाने, पण त्या प्रश्नाने सगळा बेतच हलला.

समोर कुठले पर्याय होते

त्या दुपारी सर, दादा, काका आणि मी बसलो. पर्याय बरेच निघाले.

पहिला, परत विंडोज १० टाकायचं आणि नेट बंद ठेवायचं. काकांचा याला ठाम विरोध, कारण त्याच पीसीवर बाकीचे दिवस परीक्षेची मुलं फॉर्म भरतात, ऑनलाइन टेस्ट देतात, बँकेचे पासवर्ड टाकतात. नेट बंद ठेवून अभ्यासिकेचं चालणार नाही आणि सपोर्ट संपलेल्या विंडोजवर नेट चालू ठेवणं बरोबर नाही. हा मुद्दा मला पटला.

दुसरा, ब्राउझरमधून चालणारं ऑनलाइन एडिटर. त्याला प्रत्येकाचं अकाउंट लागतं, नेट कायम लागतं, आणि लाइट गेली की राउटर बंद. शिवाय पोर्टची अडचण कॉम्प्युटरच्या आत असेल तर ब्राउझरमधूनही ती तशीच राहणार. हा लवकर बाद झाला.

तिसरा, नॅनो दुकानदाराला परत करून रास्पबेरी पाय पिको घ्यायचे. पिकोत यूएसबी चिपमध्येच आहे, वेगळी सिरियल चिप नाही, थॉनी नावाचं हलकं सॉफ्टवेअर टाकलं की मायक्रोपायथॉन, म्हणजे छोट्या बोर्डांसाठीची पायथॉन भाषा, सुरू. दादाचा कल याकडे होता. पण पिको ३.३ व्होल्टवर चालतो आणि पुढच्या टप्प्यासाठी घेऊन ठेवलेले अल्ट्रासॉनिक सेन्सर ५ व्होल्टचे, म्हणजे प्रत्येकाच्या इको पिनला (सेन्सर जिथून उत्तर पाठवतो ती) रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करत बसा, आणि सरांनी तयार केलेला सगळा कोर्स आर्डुइनोच्या भाषेतला. अर्ध्या बॅचला तो बदल जड गेला असता.

चौथा, लिनक्स तसंच ठेवून अडचण शोधायची.

चौथा निवडला, पण खरं सांगायचं तर तेव्हा तो नीट विचार करून निवडला नव्हता, बाकीचे जमत नाहीत म्हणून उरला तो घेतला. दादाच्या मनात होतं की बोर्डच खराब आहेत. त्याचं म्हणणं चुकीचंही वाटत नव्हतं कारण सरांचा उनो चालतोय आणि नॅनो नाही. मग तो सगळे बोर्ड घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने समोरच आपल्या विंडोज पीसीला एकेक करून लावून दाखवले. सगळे चालू.

ही फेरी वाया गेली असं दादाला वाटलं. मला उलट वाटतं. बोर्ड चांगले, केबल चांगली, हे एका झटक्यात कळलं, आणि संशय उरला तो फक्त आपल्या पीसीवर.

प्रत्यक्षात काय केलं

पुढच्या रविवारी सरांनी नियम घातला. फक्त एक पीसी, एक बोर्ड, एक केबल, आणि एका वेळी एकच बदल, तो आधी वहीत लिहायचा आणि मग करायचा. आयटीआयमध्ये मशीनचा फॉल्ट शोधायला ते पोरांना हेच शिकवायचे. खिडकीजवळचा ३ नंबरचा पीसी घेतला कारण तिथे टेबल मोठं आहे.

पहिला थर लगेच सापडला. सरांचं लॉगिन डायलआउट ग्रुपमध्ये होतं, मुलांचं नव्हतं. मिंटमध्ये सिरियल पोर्टला (बोर्डाशी बोलायचा मार्ग) हात लावायचा तर युझर या ग्रुपमध्ये असावा लागतो, नाहीतर परवानगी नाही अशी एरर येते. मुलांच्या लॉगिनला ग्रुपमध्ये घातलं. तरी एरर तीच. इथे बरेच जण अडकतात, कारण ग्रुपमधला बदल चालू लॉगिनला लागू होत नाही, पूर्ण लॉगआउट करून परत लॉगिन करावं लागतं, नुसता आर्डुइनो बंद करून उघडला तर काही होत नाही. लॉगआउट केलं, परवानगीची एरर गेली.

आणि तिच्या जागी नॉट इन सिंक आली.

आता ही एरर फसवी आहे. तिचा अर्थ इतकाच की कॉम्प्युटरने हाक मारली आणि पलीकडून बोर्डाने उत्तर दिलं नाही. का दिलं नाही ते ती सांगत नाही. सरांनी मेनूत बघितलं तर निवडलेलं पोर्ट होतं टीटीवायएस०, म्हणजे जुन्या पीसीच्या मागे असतं ते नऊ पिनांचं सिरियल पोर्ट! यादीत तेवढं एकच दिसतंय म्हणून मुलांनी तेच निवडलेलं. त्या पोर्टला काहीच जोडलेलं नाही तर उत्तर कोण देणार. नॅनोचं पोर्ट टीटीवाययूएसबी० असं दिसायला हवं होतं आणि ते यादीत नव्हतंच.

दादाने घरी जाऊन सीएच३४० चिपचा, म्हणजे नॅनोवरच्या यूएसबी-सिरियल चिपचा, लिनक्स ड्रायव्हर शोधून आणला होता, तो सोर्सपासून कंपाइल करायला घेतला. सर म्हणाले, "थांब, आधी मशीन काय म्हणतंय ते बघू." हा या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण होता असं मला मनापासून वाटतं, कारण त्या चिपचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये (सिस्टिमचा गाभा) कित्येक वर्षांपासून आहेच, वेगळा टाकायची गरज नसते, आणि टाकला असता तर प्रत्येक कर्नल अपडेटनंतर तो नव्याने बनवत बसावं लागलं असतं, शिवाय मूळ अडचण तिथेच.

मग टर्मिनल उघडून आधी एलएसयूएसबी, म्हणजे जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी देणारी कमांड. यादीत बोर्ड दिसतोय, आयडी १ए८६:७५२३. म्हणजे केबलमध्ये डेटाच्या तारा आहेत, नुसती चार्जिंगची केबल नाही. मग डीमेसेज, म्हणजे कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड, लाइव्ह चालू ठेवलं आणि एका मुलीला सांगितलं की बोर्ड काढ आणि लाव. सगळे स्क्रीनकडे बघतायत. ओळी आल्या. नवीन यूएसबी डिव्हाइस सापडलं. सीएच३४१ (त्या चिपच्या ड्रायव्हरचं नाव) कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी०ला जोडला. आणि त्याच्या पाठोपाठ, क्षणभरात, अजून एक ओळ, इंटरफेस सीएच३४१कडे असताना बीआरएलटीटीवायने कॉन्फिग सेट केलं, आणि लगेच कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी०पासून तुटला.

म्हणजे पोर्ट तयार होत होतं. कोणीतरी ते हिसकावून घेत होतं. आणि घेणाऱ्याचं नाव समोर लिहिलेलं होतं.

बीआरएलटीटीवाय हा ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्रॅम आहे. ज्यांना दिसत नाही ते यूएसबीला ब्रेल डिस्प्ले लावतात, त्यावर छोट्या पिना वरखाली होतात आणि स्क्रीनवरची ओळ बोटांनी वाचता येते. डिस्प्ले लावला की तो आपोआप चालू व्हावा म्हणून सिस्टिममध्ये यूएसबी आयडींची एक यादी असते, युडेव्ह रूल म्हणतात तिला. अडचण अशी की सीएच३४० ही स्वस्त सिरियल चिप आहे, ती नॅनोवाले वापरतात तशी एका ब्रेल डिस्प्लेवाल्यांनीही वापरली, आणि दोघांनी चिपचा मूळ आयडी तसाच ठेवला. बिल्डिंगमध्ये दोन पाटील असावेत आणि फ्लॅट नंबर न बघता एकाचं कुरियर दुसऱ्याने उतरवून घ्यावं तसं झालं हे. उनोमध्ये यूएसबीसाठी आर्डुइनोची स्वतःच्या आयडीची वेगळी चिप असते, म्हणून सरांचा उनो या यादीत बसत नव्हता आणि बिनबोभाट चालत होता.

दादाने फोनवर शोधलं, पहिलंच उत्तर मिळालं की बीआरएलटीटीवाय काढून टाका. ॲप्ट रिमूव्ह, प्रोग्रॅम काढायची एक ओळीची कमांड. ३ नंबरवर केलं. बोर्ड परत लावला, टीटीवाययूएसबी० आलं आणि टिकलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

अपलोड केलं. परत नॉट इन सिंक! तीच एरर, पण आता कारण तिसरंच. स्वस्तातल्या बऱ्याच नॅनोंवर अजून जुना बूटलोडर (बोर्डात आधीच असलेला, नवीन प्रोग्रॅम उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) येतो, तो ५७६०० बॉडच्या वेगाने बोलतो आणि नवीन ११५२०० बॉडच्या. आर्डुइनोने स्वतःच्या नॅनोवर जानेवारी २०१८पासून नवीन बूटलोडर टाकला, सॉफ्टवेअर आपणहून तोच धरून चालतं. टूल्समध्ये प्रोसेसर या मेनूत ओल्ड बूटलोडरचा पर्याय निवडला आणि नॅनोवरचा छोटा दिवा लुकलुकायला लागला.

वेळ संपत आली होती म्हणून बाकीच्या सात पीसींवर पुढच्या रविवारी करू असं ठरलं. ही उशिराची गोष्ट नशिबाने चांगली ठरली.

मंगळवारी काय झालं

अभ्यासिकेत मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी एक ताई येतात. त्यांना दिसत नाही, बँकेच्या परीक्षेची तयारी करतात. त्यांच्याकडे २० सेलचा, म्हणजे एका वेळी २० अक्षरं दाखवणारा, ब्रेल डिस्प्ले आहे, आणि ३ नंबरचा पीसी दाराजवळून सरळ रेषेत येतो, वाटेत खुर्च्या लागत नाहीत, म्हणून काकांनी तो त्यांच्यासाठी ठरवून दिलेला. रविवारी येणाऱ्यांपैकी हे कोणालाच माहीत नव्हतं.

ताईंनी डिस्प्ले लावला, काहीच आलं नाही. ओर्का, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ते बोलत होतं. त्यांनी काकांना सांगितलं ते शब्द काकांनी मला जसेच्या तसे सांगितले, "बोलून दाखवतंय सगळं, पण बोटाला काहीच लागत नाहीये." ओर्का ब्रेलसाठी बीआरएलटीटीवायवरच अवलंबून असतं. ते काढलं की आवाज राहतो आणि ब्रेल जातं. नुसतं ऐकून गणिताची पायरी किंवा इंग्रजी स्पेलिंग तपासणं किती अवघड असतं हे त्यांनी नंतर आम्हाला समजावलं. त्या दिवशीची त्यांची सराव परीक्षा अर्धवट राहिली.

काकांनी दादाला फोन केला. दादा संध्याकाळी कॉलेजवरून थेट आला, पॅकेज परत टाकलं, शुक्रवारी ताईंचं काम झालं. पण आता ३ नंबरवर नॅनो परत दिसेना.

परत निर्णय घ्यायची वेळ

यावेळी चर्चेला ताईही बसल्या, सरांनीच त्यांना बोलावलं.

सोपा उपाय दिसत होता, ३ नंबर ताईंचा, तो मुलांनी वापरायचा नाही, बाकी सातवरून बीआरएलटीटीवाय काढून टाकायचं. दादाला हे पटलं होतं. ताईंनी शांतपणे विचारलं, "३ नंबर बंद पडला तर मी कुठे बसू? आणि माझ्यासारखं अजून कोणी यायला लागलं तर?" यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. ज्या अभ्यासिकेत सगळ्यांनी यावं असं आपण म्हणतो तिथे एकच पीसी एका माणसाला चालतो ही व्यवस्था बरोबर नाही, हे माझंही मत.

दुसरा उपाय, प्रोग्रॅम ठेवायचा पण त्याची आपोआप सुरू होणारी सर्व्हिस बंद करायची. मग ताईंना दरवेळी कोणाला तरी सांगून ती चालू करून घ्यावी लागली असती. नको.

तिसरा उपाय, सर्व्हिस, प्रोग्रॅम सगळं जागच्या जागी ठेवायचं, फक्त त्या यादीतली १ए८६:७५२३ची एक ओळ बंद करायची. ताईंचा डिस्प्ले लावून एलएसयूएसबीत आयडी बघितला, तो पूर्ण वेगळा निघाला. म्हणजे ही ओळ गेली तरी त्यांचं काही अडत नव्हतं. हाच घेतला.

कसं केलं ते सांगतो. मूळ रूल फाइल यूएसआर फोल्डरच्या आत लिबमधल्या युडेव्हच्या रूल्समध्ये असते, ८५-बीआरएलटीटीवाय नावाने. ती तिथेच बदलली तर पुढच्या अपडेटला बदल पुसला जातो. म्हणून तिची कॉपी त्याच नावाने ईटीसीमधल्या युडेव्हच्या रूल्स फोल्डरमध्ये ठेवली आणि कॉपीत त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं. एकाच नावाच्या दोन फाइल असल्या की ईटीसीतली चालते, दुसरी वाचलीच जात नाही. मग युडेव्हला रूल परत वाचायला सांगितलं, बोर्ड काढून लावला. नॅनो आला आणि टिकला. ताईंनी डिस्प्ले लावला, पिना उठल्या. दोन्ही एकाच वेळी, एकाच पीसीवर!

याला किंमत आहे आणि ती वहीत लिहून ठेवली. आपली कॉपी जुनी होत जाणार, पॅकेजमध्ये नवीन डिस्प्लेंची नावं आली तर ती आपल्याकडे आपोआप येणार नाहीत, म्हणून अपडेट आलं की दोन फाइल ताडून बघायच्या. आणि उद्या कोणी खरंच सीएच३४० आयडीवाला ब्रेल डिस्प्ले घेऊन आलं तर त्यांच्यासाठी बीआरएलटीटीवायच्या कॉन्फिग फाइलमध्ये तो हाताने नोंदवावा लागेल. तशी वेळ आली तर तो पीसी मुलांनी सोडायचा, असं सरांनी तिथेच ठरवून टाकलं.

निकाल

आठही पीसींवर एकाच रविवारी काम झालं, दादाने पेन ड्राइव्हवर छोटी स्क्रिप्ट केली होती, ती डायलआउट ग्रुप आणि रूल फाइल दोन्ही करायची. आर्डुइनोची २ची आवृत्ती आधी टाकून बघितली होती, ती ४ जीबी रॅमवर इतकी जड की मुलं कंटाळली. म्हणून जुनी १.८.१९ ठेवली. तिच्यात आता नवीन सुधारणा होत नाहीत आणि ती टाइप करताना शब्द सुचवत नाही, पण या मशीनवर ती पटकन उघडते, आणि सातवीच्या मुलासाठी ते जास्त महत्त्वाचं.

अपलोड सुरू झाल्यावर रोबोट गोगलगायीसारखे चालायला लागले, तो मात्र सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. चार पेन्सिल सेलच्या ६ व्होल्टमधले दोनएक व्होल्ट एल२९८एन ड्रायव्हरच खातो, मोटरपर्यंत पोचतं काय. १८६५०चे दोन रिचार्जेबल लिथियम सेल लावले आणि फरक पडला.

विज्ञान दिनाला बहुतेक रोबोट पूर्ण ट्रॅक फिरले, दोन वळणावर सुटले, कारण हॉलमध्ये ऊन सरळ फ्लेक्सवर येत होतं आणि आयआर सेन्सर उन्हात गोंधळतात. मुलांनी तिथल्या तिथे पडदा ओढला, सेन्सरवरचा स्क्रू फिरवून सेटिंग केलं आणि परत चालवले. ताई आल्या होत्या. एका मुलाने त्यांच्या हातात आपला रोबोट दिला आणि कुठलं चाक, कुठला सेन्सर, बोटाने दाखवत सगळं सांगितलं.

परत करायचं झालं तर काय वेगळं

पीसीवरून काहीही काढण्याआधी काकांना विचारायचं. आता काकांनी प्रत्येक पीसीवर आतल्या बाजूने एक कागद चिकटवलाय, हा पीसी कोणकोण वापरतं आणि त्यांना काय लागतं. ही गोष्ट पहिल्या दिवशी झाली असती तर ताईंची सराव परीक्षा बुडली नसती.

चाचणी मुलांच्या लॉगिनवरून आणि मुलांच्या बोर्डावर घ्यायची. सरांच्या लॉगिनवर सरांचा उनो चालला यातून मुलांचा नॅनो मुलांच्या लॉगिनवर चालेल हे सिद्ध होत नव्हतं, दोन गोष्टी वेगळ्या होत्या आणि दोन्हीकडे अडचण निघाली.

आरओएस २साठी म्हणून २२.०४ निवडणं मला आजही पटत नाही. ४ जीबी रॅमच्या मशीनवर या वयाच्या मुलांना ते शिकवायची वेळ अजून आलेली नाही, आणि आली तर वेगळा पीसी लागेल. आज जे चालवायचंय ते कुठल्या आवृत्तीवर सगळ्यात कमी कटकटीत चालतं हे बघून ठरवायला हवं होतं. दादाचं मत वेगळं आहे, तो म्हणतो अडचण कुठल्याही आवृत्तीत काही ना काही निघालीच असती. हा वाद आमच्यात अजून चालू आहे.

नॉट इन सिंक आली की काय बघायचं त्याचा क्रम आता भिंतीवर मराठीत लावलाय. आधी एलएसयूएसबीत बोर्ड दिसतो का, मग डीमेसेजमध्ये पोर्ट टिकतं का, मग मेनूत तेच पोर्ट निवडलंय का, आणि या तिन्हींचं उत्तर हो असेल तरच बूटलोडर बदलून बघायचा. ग्रुपची अडचण असेल तर एररमध्ये परवानगीचा शब्द येतो, ती वेगळी ओळखता येते. आठवीतली एक मुलगी आता हे स्वतः करते आणि शेजारच्यांनाही करून देते.

पुढच्या बॅचची खरेदी जूनमध्ये आहे. नॅनोच घ्यायचे ठरलंय, पण दुकानातून एक बोर्ड आधी घेऊन यायचा, ३ नंबरवर ताईंच्या डिस्प्लेसोबत लावून बघायचा आणि मग बाकीचे घ्यायचे. दोन पिको पण घेणार आहोत, मोठ्या मुलांसाठी, थॉनी टाकून ठेवलंय.